चार बोटं वर

पट्टी धरणं हे काम दिसायला इतकं सोपं, की लोक त्याला काम म्हणायलाच तयार नसतात. दोन पुरुष उंचीची, लाल-काळ्या आकड्यांची पट्टी जमिनीवर उभी करायची आणि गप्प राहायचं. पन्नास पावलांवर तिपाईला दुर्बीण लावून मोजणीसाहेब त्यातून आकडा वाचतात. पट्टी धरणाऱ्याला आकडा कळला नाही तरी चालतं. त्याने फक्त सरळ उभं राहायचं, नाक खाजवायचं नाही आणि साहेबांनी हाक दिली की पट्टी पुढे-मागे हळूच डोलवायची. डोलताना सगळ्यात लहान जो आकडा दिसतो तो खरा.

पट्टीवाली हे काम तेवीस वर्षं करत होती. या कामातली खोच तिला तिसऱ्याच दिवशी कळली होती. पट्टी जरा कललेली राहिली, की आकडा मोठा येतो आणि कागदावर जमीन आहे त्यापेक्षा खाली जाते. पट्टी दगडावर ठेवली, की आकडा लहान येतो आणि जमीन वर चढते. तिला शिकवणारे जुने साहेब हे सांगताना हसत म्हणाले होते, "बाई, सगळं सरकार एकीकडे आणि तुझा हात एकीकडे. तू मनात आणलंस तर घर बुडवशील, मनात आणलंस तर तारशील."

ते ऐकून ती तिथेच बांधावर खाली बसली. उन्हाने चक्कर आली असेल म्हणून साहेबांनी तिला पाणी दिलं.

चक्कर उन्हाची नव्हती. ती नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा धरण होणार होतं, तेव्हाची मोजणी तिने स्वतः पाहिली होती. तेव्हा पट्टी धरायला तिचा सख्खा काका होता. उंच, सडसडीत आणि तासन्‌तास न हलता उभा राहणारा, म्हणून सगळे त्याला खांब म्हणत. काकाचं आणि तिच्या वडिलांचं तेव्हा बोलणं बंद होतं. दोन घरांमधल्या भिंतीत वडिलांनी खिडकी काढली होती, एवढंच कारण. ती दारापुढच्या दगडी पायरीवर बसली होती. काका आला आणि म्हणाला, "ऊठ गं पोरी, बाजूला हो." ती उठली आणि ती बसली होती त्याच दगडावर त्याने पट्टी ठेवली. आपल्या बसायच्या जागेला एवढा मान मिळाला म्हणून तिला गंमत वाटली होती.

दगड दोन वीत उंच होता. तेवढ्यानं त्यांचं घर कागदावर बुडीत रेषेच्या वर गेलं. बुडीत रेषा म्हणजे तळं काठोकाठ भरलं की पाणी जिथवर येणार ती रेषा. रेषेच्या आतल्या घरांना वरच्या उतारावर नवी घरं मिळाली. काकालाही मिळालं; स्वतःच्या दाराशी त्याने पट्टी किती कलती धरली असेल ते तोच जाणे. रेषेबाहेरच्यांना काहीच मिळालं नाही. सगळी गल्ली उठून गेली आणि पाण्याच्या काठाला त्यांचं एकच घर उरलं, सगळे दात पडून एकच दाढ राहावी तसं.

पहिल्या वर्षी पाणी अंगणात आलं. दुसऱ्या वर्षी ओल मागच्या भिंतीत चढली. तिसऱ्या वर्षी एका दुपारी ती भिंत आत कोसळली. आई त्या भिंतीला टेकून शिवण शिवत होती. आई वाचली, पण कमरेखालचं शरीर गेलं. त्यानंतर नऊ वर्षं ती अंथरुणावर होती. बारा वर्षांच्या मुलीने आईला कुशीवर वळवायला शिकावं, पाठीच्या जखमांना मलम लावायला शिकावं, आई रडायला लागली की भांडी आपटत मोठ्याने धडा वाचायला शिकावं, हे सगळं तिने शिकून घेतलं. काका एकदाच भेटायला आला. दारातूनच म्हणाला, "नशिबाचे भोग." वडील अर्जांवर अर्ज करत राहिले. आई गेली, त्यानंतरही तीन वर्षं अर्ज चालूच होते. शेवटी कचेरीला लाज वाटली की कंटाळा आला कोण जाणे. घर नाही, पण मुलीला नोकरी मिळाली. आणि तीही पट्टी धरायची.

तर पायरीच्या दगडाचा अर्थ तिला कळला तो असा, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पगाराच्या कामावर. त्या दिवसापासून तिने काकावर डूख धरला. वडिलांना सांगितलं नाही. ते उरलीसुरली झोप गमावून बसले असते. ते गेल्यावर सांगण्यासारखं कोणी राहिलंच नाही. जीप चालवणाऱ्या माणसाशी तिचं लग्न झालं, एक मुलगी झाली, मुलगी शिकायला धरणाखालच्या शहरात गेली. हे सगळं होत असताना डूख मात्र जागच्या जागी होता. तिला घाई नव्हती. साप म्हातारा होतो, डूख होत नाही, असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती. नवऱ्याला वाटलं बाई सिनेमातलं काही सांगतेय.

मग धरणाची उंची तीन मीटरने वाढवायचं ठरलं.

शहरं फुगली होती. मुलीच्या वसतिगृहात चार दिवसांनी पाणी यायचं. फोनवर ती अभ्यासाचं कमी आणि बादल्यांचंच जास्त सांगायची. "आई, आज पहाटे उठून रांगेत बसले, तरी माझी बादली अर्धीच भरली." नवं धरण बांधायला जागा नव्हती, म्हणून आहे तेच उंच करायचं, आहे त्याच तळ्याचं पोट वाढवायचं. पट्टीवालीला ते पटत होतं. पोरगी अर्ध्या बादलीत अंघोळ करते म्हटल्यावर कुठल्या आईला पटणार नाही? पण उंची वाढणार म्हणजे नवी बुडीत रेषा आखावी लागणार. ती आखायची म्हणजे वरच्या उतारावरच्या घरांच्या पायथ्याशी पट्टी धरावी लागणार. यादीत तेविसावं घर खांबकाकाचं होतं.

उपग्रहावरून मोजणारं नवं यंत्र कचेरीत आलं होतं. उघड्या माळावर ते बरं चालायचं. पण झाडाखाली, भिंतीच्या आडोशाला ते बोटभर-वीतभर चुकायचं, म्हणून घरांच्या दाराशी अजून दुर्बीण आणि पट्टीच लागायची. मोजणीसाहेब निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, गुडघ्यांनी कुरकुरणारे. ते म्हणाले, "त्या उपग्रहाला आकाश लागतं. आपल्याला तुम्ही लागता."

त्या आठवड्यात पट्टीवालीने नवे बूट घेतले. जाड रबरी तळव्याचे, पुढे पंजाला चांगली चार बोटं उंच. पट्टी धरणाऱ्यांची ती जुनी युक्ती होती. दगड लोकांना दिसतो. बुटाच्या टोकावर टेकवलेली पट्टी साहेबांना दुर्बिणीतूनही दिसत नाही, पुढे गवत असलं की झालं. काकाचं घर रेषेच्या आसपासच असणार, हे नकाशावरून कळत होतं. चार बोटांनी काम होणार होतं. काकाचं घर रेषेबाहेर जाईल, गल्ली उठून जाईल आणि म्हातारा एकटा पाण्याच्या काठाला बसेल. मग ओल चढेल. ती स्वतःला हेही सांगून टाकायची, की मी काय वेगळं करणार आहे? त्याचंच त्याला परत देणार आहे.

मोजणीच्या दिवशी सकाळी दहाला ते त्या गल्लीत पोहोचले. काका पंचाहत्तरीचा झाला होता, पण पाठ अजून ताठ होती. अंगण झाडून लख्ख केलेलं. पट्टीवालीने आत पाऊल टाकलं आणि तिला हसू आवरेना. अंगणात दगड नावाची वस्तू उरली नव्हती. पायरी उखडलेली, कपडे धुवायचा दगड गायब, कुंड्यांखालच्या विटासुद्धा काढलेल्या. चोराला चोराच्या वाटा ठाऊक, म्हणतात ते असं.

"काका, पायरी कुठं गेली?"

"लागत होती पायाला."

"एवढी वर्षं नाही लागली?"

"आता लागायला लागली. तू तुझं काम कर."

दारात त्याची सून उभी होती, घरी शिवणयंत्र चालवणारी, गळ्यात टेप. ती म्हणाली, "ताई, चार दिवस घरात उडी मारून शिरतोय आम्ही. म्हटलं, विचारावं तर बाबांचं उत्तर ठरलेलं, तुला काय कळतं."

"तुला काय कळतं," काका म्हणाला.

नियम असा होता, की घराच्या पायथ्याशी, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, मूळ जमिनीवर पट्टी ठेवायची. तो कोपरा मागच्या खोलीचा. काका पुढे झाला आणि त्याने काठीने जागा दाखवली. "इथं ठेव. हेच घराचं बूड."

तिने खाली पाहिलं. पट्टी बसेल एवढी जागा वीतभर खोल होती. वरून सारवून, कडा बोटांनी गुळगुळीत करून घेतलेल्या, पण माती नवी होती आणि तिच्यात एकही मूळ नव्हतं. म्हाताऱ्याने या वयात गुडघ्यावर बसून खड्डा खणला होता. पट्टी त्यात ठेवली असती तर घर वीतभर खाली जाऊन थेट रेषेच्या आत आलं असतं. गल्लीबरोबर त्यालाही शहराजवळच्या नव्या वसाहतीत घर मिळालं असतं. पुन्हा एकदा.

पट्टीवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. खड्डा सोडून, हातभर बाजूला कडक जमीन होती, गवताची जुनी मुळं धरून बसलेली. तिथे तिने पट्टी नेली आणि उजवा बूट पुढे सरकवला.

त्या जागेवरून मागच्या खोलीची खिडकी तोंडासमोर येत होती. आत दोन लहान गाद्या भिंतीला लावून घातल्या होत्या. चादरीवर रंगीत पेन्सिली सांडलेल्या, उशीवर एका बाहुलीचा हात. मुलं शाळेत असणार. गाद्या भिंतीला अगदी चिकटून होत्या, जशी आई चिकटून बसली होती.

तिचा पाय तसाच राहिला. पन्नास पावलांवरून साहेब ओरडले, "बाई, झोपलात का?"

तिला आपल्या मुलीची आठवण झाली आणि त्याचाही राग आला. डूख धरायचा आणि वेळ आली की असलं काहीतरी आठवायचं. भिंत पडते तेव्हा ती खालचा माणूस कुणाचा कोण ते विचारत नाही. तिने मनात काकाला एक सणसणीत शिवी दिली, बूट मागे घेतला आणि पट्टी उघड्या जमिनीवर ठेवली. आत आलं घर तर आत. मिळू दे मेल्याला तिसरं घर. आपलं नशीबच तसं.

"डोलवा," साहेब म्हणाले.

तिने पट्टी डोलवली. इतकी सावकाश, की साहेबांनी तीनदा आकडा वाचून घेतला. मग ते वहीत बेरीज-वजाबाकी करत आले आणि चष्म्यावरून काकाकडे पाहत म्हणाले, "आजोबा, तुम्ही वाचलात. रेषेच्या चार बोटं वर आहात."

गल्लीतले सात-आठ लोक कुंपणापाशी जमले होते. त्यांच्यातलं कुणीतरी हसलं. काका हसला नाही. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"खोटं आहे. तिनं पायावर घेतली पट्टी."

पट्टीवालीने बुटांकडे पाहिलं. दोन्ही बूट जोडून, पट्टीच्या मागे, हातभर लांब होते.

साहेब म्हणाले, "मी दुर्बिणीतून पायथा बघून घेतला आजोबा. जमिनीवर होती."

"मग खाली दगड पुरला असेल तिनं. मला विचारा. दोन वीत दगडावर ठेवली की घर कसं वर जातं ते मला विचारा."

"तुम्हाला कसं ठाऊक?" साहेबांनी सहज विचारलं.

काकाचं तोंड उघडं राहिलं. गल्लीत अजून तीन घरं अशी होती, जी जुन्या गल्लीतून उठून आली होती. पट्टीवालीच्या आईला ती माणसं ओळखत होती. त्यांतली एक म्हातारी कुंपण धरून उभी होती. ती सावकाश म्हणाली, "म्हणजे तुझ्या भावाच्या दारात पायरीवर ठेवली होतीस, होय ना? मी तेव्हाच म्हटलं होतं, आमच्यापेक्षा खालचं घर वर कसं गेलं."

"चाळीस वर्षांपूर्वीचं कशाला काढता?"

"तूच काढलंस."

काका पट्टीवालीकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "पोरी, आईची शपथ घेऊन सांग. सरळ धरली होतीस?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. सरळ. तिने तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. अडतीस वर्षांत तिने इतकं चवदार काही खाल्लं नव्हतं. मग तिने तो गिळला.

"आईचं नाव तुम्ही घ्यायचं नाही काका."

"एवढंच सांग."

"अर्ज करा. कचेरीत खिडकी आहे. अकरा ते दोन. फेरमोजणी मिळते."

"फेरमोजणीला पट्टी कोण धरणार?"

"कचेरीत एकच पट्टीवाली आहे," ती म्हणाली आणि पट्टी खांद्यावर टाकून चोविसाव्या घराकडे निघाली.

दुपारी ते गल्लीच्या टोकाला झाडाखाली डबा खात होते, तेव्हा सून आली. टेप अजून गळ्यातच होता. साहेबांना नमस्कार करून ती पट्टीवालीला बाजूला घेऊन गेली.

"ताई, बाबांचं आणि तुमचं काय ते तुमचं तुम्ही बघा. मला त्यात पडायचं नाही. पण माझी पोरं त्या मागच्या खोलीत झोपतात. मला रात्री डोळा लागेल का, एवढं सांगा."

पट्टीवालीने तिच्याकडे पाहिलं. असं सरळ विचारणारं माणूस त्या घरात कुठून आलं कोण जाणे.

"पट्टी सरळ होती. मुलीची शपथ. जमिनीवर होती, डोलवून घेतलेली. आणि आता रेषा धरतात ती पाण्याच्याही वर दीड हात सोडून धरतात, पूर्वी तसं नव्हतं. पाणी तुमच्या भिंतीच्या दीड हात आणि चार बोटं खाली थांबणार. तुमचं घर विटांचं आहे. तरी गाद्या भिंतीपासून थोड्या लांब घाला. मला बरं वाटेल."

सुनेने मोठा श्वास सोडला. "मला कुठं जायचंच नव्हतं ताई. शिवणाची सगळी गिऱ्हाइकं वरच्या वाडीतली. गल्ली गेली तरी ती राहतील." मग ती थांबली. "बाबांना सांगू का?"

"तुमची मर्जी."

सून विचार करू लागली. तो विचार बराच लांबला. पट्टीवालीला वाटलं, सासरच्या चौदा वर्षांचा हिशेब चाललाय.

"लग्न होऊन आले तेव्हा मला कॉलेजची दोन वर्षं राहिली होती," सून म्हणाली. "बाबा म्हणाले, पहिलं बाळंतपण होऊ दे, मग बघू. दुसरं झालं तेव्हा म्हणाले, आता काय करायचंय. त्यांना मी काही सांगायला गेले की म्हणतात, तुला काय कळतं." तिने टेप गळ्यातून काढून गुंडाळला. "मला काय कळतं, ताई? मोजणीतलं मला काही कळत नाही."

दोघी हसल्या नाहीत. पण पट्टीवालीने डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढे केली आणि तिने ती खाल्ली.

काकाने अर्ज केला. फेरमोजणी झाली. पट्टीवालीने पट्टी धरली, साहेबांनी आकडा वाचला, तोच आला. काका पूर्ण वेळ जमिनीला गाल लावून पट्टीचा बुंधा बघत आडवा पडला होता. उठल्यावर म्हणाला, यंत्रातच गडबड केलीय. ज्याने आयुष्यात एकदा हाताने जमीन वर-खाली केली, त्याला पुन्हा कुठलीच जमीन जागेवर दिसत नाही. साहेबांनी त्याला हात देऊन उभं केलं, तेव्हा पट्टीवालीला क्षणभर वाईट वाटलं. तो क्षण तिने जाऊ दिला.

गल्ली उठली. काकाचं सोडून बाकी सगळ्या घरांचे दरवाजे, खिडक्या, पत्रे ट्रकांत गेले. दोन वर्षांत धरणाची भिंत तीन मीटर चढली आणि त्यापुढच्या वर्षी तळं पहिल्यांदा नव्या पातळीपर्यंत भरायला लागलं. पातळीची नोंद करायला पट्टीवाली रोज काठाने फिरायची. रोज तिला काका दिसायचा. पाण्याच्या कडेला तो काटकी खोवायचा. दुसऱ्या दिवशी ती बुडालेली असायची, मग वर दुसरी खोवायचा. सून सांगायची, बाबा आता मागच्या खोलीतच झोपतात, भिंतीला हात लावून. मुलांना तिने पुढे आणलं होतं.

शहरात पाणी एक दिवसाआड येऊ लागलं. मुलीने फोनवर सांगितलं, की तिने आज केस धुतले, भरपूर पाण्याने.

त्याच संध्याकाळी काकाने काठावर तिला गाठलं. हातात काटक्यांची जुडी होती. तो खूप थकला होता.

"अजून किती चढणार?"

तिच्या वहीत आकडा होता. पाणी आणखी चार दिवसांत थांबणार होतं. घराच्या भिंतीपासून दीड हात आणि चार बोटं खाली. सुनेला सांगितलं होतं तसंच.

"सांगता येत नाही काका," ती म्हणाली. "अजून भरतंय."

आणि ती पुढच्या खुणेकडे चालू लागली. मागून त्याने दोनदा हाक मारली. तिने ऐकली, पण पावलांचा वेग बदलला नाही.